वाटणीत न आलेला महिना

आमच्याकडे बारी, म्हणजे पाळी, म्हटलं की ती पाण्याची. विहीर एक आणि तिच्यावर मळे दोन, म्हणून सकाळची मोट कोणाच्या वाफ्यात सोडायची आणि दुपारची कोणाच्या, हे ठरलेलं असायचं. त्यावरून भांडणंही व्हायची. बाबा सांगायचे, पाण्याची बारी एकदा सोडली की कायमची गेली. समोरचा दुसऱ्या दिवसापासून तोच आपला हक्क समजतो. अमरावतीच्या परकोटाबाहेर भाजीपाला आणि फुलं पिकवणाऱ्या आमच्यासारख्या माळ्यांच्या घरात हे लहानपणापासून कानावर पडतं. त्यामुळे बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ वेगळे झाले, पंचांनी जमीन वाटली, बैल वाटले आणि शेवटी आबाजींचीही बारी लावून दिली, तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

आबाजी म्हणजे माझे आजोबा. मोटेच्या बैलांच्या उतरत्या धावेवर घसरून त्यांचं कमरेचं हाड मोडलं होतं, ते पुन्हा सांधलं नाही. बसवलं तर बसायचे, पण उचलायला दोन माणसं लागायची. कूस बदलून द्यावी लागायची, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. अंघोळ, शी, लघवी, सगळं खाटेवर. जेवायचे मात्र स्वतःच्या हातानं, आणि भाजी विहिरीजवळच्या वाफ्यातली आहे की बांधाकडची, हे चवीवरून सांगायचे.

पंचांनी सांगितलं होतं, सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. चैत्र ते भाद्रपद थोरला, अश्विन ते फाल्गुन धाकटा. दोघा भावांनी बेलभंडारा उचलून शपथेवर ते कबूल केलं. पुढे मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावांनी, अकोल्याकडे कापसाची जमीन धरली आणि ते तिकडेच राहायला गेले. तेव्हापासून आबाजी वर्षातून दोनदा बैलगाडीत पडून ये-जा करायचे.

तो काळ कापसाचा होता. दूर अमेरिकेत लढाई लागली आहे म्हणून विलायतेच्या गिरण्यांना आपला कापूस हवा आहे, हे मला इंग्रजी शिकवणाऱ्या गोऱ्या मडमनं नकाशा उघडून दाखवलं होतं. गावात कोणाला नकाशाची गरज नव्हती. ज्यानं त्यानं जमेल तिथे कपाशी लावली होती, आणि ज्याच्याकडे जमीन नव्हती तो मजुरीला नाहीतर आगगाडीच्या रस्त्याच्या मातीकामाला गेला होता. कालपर्यंत ओसरीवर नातवंडं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याही सरकी काढायला जाऊ लागल्या. ज्यांना तेही जमत नव्हतं, ते घरात एकटे पडून राहिले. आमची माय सकाळीच भाजी घेऊन कँपातल्या बाजारात बसायची, कारण खाणारी माणसं वाढली होती आणि भाजी लावणारे कमी झाले होते. आम्ही कापूस लावला नाही, तरी आमचं घर कापसावरच भरत होतं.

मी मडमकडे शिकायला जात असे. बाबा तिच्या बंगल्यावर फुलं पोचवायचे, तिथून ते सुरू झालं. पडवीत आम्ही मोजक्या मुली आणि सगळं इंग्रजीत. माझं लग्न झालेलं होतं, सासरी नांदायला जायचं राहिलं होतं. शेजारणी मायला विचारायच्या, "इंग्रजी बोल्ल्यानं भेंडी जास्त लागते काय वं?" माय हसायची. मला दोन भाषा येत होत्या आणि मी दोन्हींत गप्प राहत होते.

त्या वर्षी दोन श्रावण आले. अधिक महिना आला म्हणजे जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, म्हणून आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. गावात पैसा खेळत होता. कोणी जावयाला काय दिलं, याखेरीज बायकांना विहिरीवर विषय नव्हता. बाबांनीही माझ्या नवऱ्याला बोलावून चांदीची वाटी दिली. तो माझ्याइतकाच लाजरा होता. त्यानं ती वाटी हातात घेतली आणि कुठे ठेवावी हे न कळून जेवण होईपर्यंत मांडीवर धरून ठेवली.

मग दुसरा श्रावण संपला, पोळा झाला आणि पोळ्यानंतर लगेच अकोल्याची एक गाडी आमच्या दारात येऊन उभी राहिली. बैलांच्या शिंगांना लावलेला रंग अजून उतरला नव्हता. गाडीत गवतावर आबाजी होते.

बाबा चिखलाच्या पायांनीच मळ्यातून आले. गाडीकडे पाहून म्हणाले, "भादवा त्याचा हाये. पंचाइनं भादव्यापर्यंत सांगितलं व्हतं."

गाडीवान बैल सोडून चाकाला टेकून बसला होता. "थो म्हन्ते, सहा महिने भरले. धोंड्याचा धरून सहा झाले, म्हने."

"धोंडा कोनी मोजते काय?"

"मले काहून इचारता? मी काय पंच होय?" गाडीवान म्हणाला. "बुढा उतरवून घ्या बाप्पा. चिखलानं बैलाइचा जीव चालला. पोळ्याच्या मागंच जुंपले, त्याचं पाप मलेच लागीन."

"आज उतरवला तं दर धोंड्याले तो हेच करीन. बारी मोडते."

तोवर शेजारपाजारचे जमले होते. कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "जावयाले वाटी देताना धोंडा मोजला ना, भाऊ? मंग बापाच्या बारीले काहून नाई मोजत?" कोणीतरी हसलं. बाबांचा चेहरा असा झाला की आता ते माघार घेऊच शकणार नाहीत हे मला कळलं. शेजारीण बोलली नसती तर कदाचित त्यांनी आबाजींना उतरवूनही घेतलं असतं.

आबाजी सगळं ऐकत होते. ते मला एवढंच म्हणाले, "बाई, पानी आन."

मी तांब्या नेला. ते प्यायले आणि उरलेलं पाणी त्यांनी तोंडावरून फिरवलं.

बाबांनी अकोल्याला निरोप धाडला आणि निरोप येईपर्यंत म्हणून गाडी वेशीच्या आतल्या धर्मशाळेकडे वळवायला लावली. बाबा वाईट नव्हते, हे मला लिहायलाच हवं. हिवाळ्यात ते आबाजींच्या पायांना स्वतः तेल चोळायचे. पण ते अश्विन लागल्यावर.

धर्मशाळा आमच्या मळ्यापासून लांब नव्हती. तिच्या ओवरीतून आमच्या चिंचेचा शेंडा दिसायचा. सकाळी आणि संध्याकाळी मी टोपलीत भाकरी-भाजी घेऊन जायची. येणारा-जाणारा विचारी, "कोनाचा हाये वं हा बुढा?" मी पदर पुढे ओढायची. संध्याकाळी माय यायची. आम्ही दोघी मिळून आबाजींना उचलून पुसून घ्यायचो, आणि उतरलेले वाटसरू तेवढ्यापुरते पाठ फिरवून बसायचे. घराच्या भिंतीआड करायचं ते काम आम्ही चार लोकांत करत होतो, आणि आमचं घर तिथून दिसत होतं.

मागच्या ओवरीत ते एकटे नव्हते. मातीकामाला गेलेल्यांचे, कपाशीला गेलेल्यांचे आणखीही म्हातारे तिथे येऊन पडले होते. एका म्हातारीला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण तिचं तोंड चालू असायचं. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "तुहा आजा होय काय?"

"हो."

"मंग घर जळलं काय तुमचं?"

मी नाही म्हटलं. "बरं झालं," ती म्हणाली आणि माझ्या टोपलीतली भाकरी चाचपून घेतली.

याच सुमारास कापसाच्या व्यापाऱ्यांनी जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबाकडे अर्ज केला, की दिवाळीनंतर नवा माल येईल, तो ठेवायला धर्मशाळेच्या मागच्या ओवऱ्या द्याव्यात. जागा बघायला साहेब आला तेव्हा मडमही बरोबर होती. ओवरीत गठ्ठे ठेवायला जागाच नव्हती. तिथे माणसं होती. साहेबानं एकेक ओवरी फिरून पाहिली. मग व्यापाऱ्यांना नाही म्हणाला, आणि त्यानं ठरवलं, की या ओवऱ्या निराधार म्हाताऱ्यांसाठी ठेवायच्या, शहराच्या फंडातून त्यांना शिधा द्यायचा आणि उचलायला, धुवायला एक माणूस आणि एक बाई नेमायची. मडमनं हे मला तिथेच सांगितलं, कारण मी टोपली घेऊन तिथे होते. मला बघून तिला फार आनंद झाला. तिनं साहेबाला सांगितलं, ही माझी विद्यार्थिनी. बघा, गरिबांना जेवण घेऊन येते.

मी खाली बघितलं. साहेब म्हणाला, मग हिनंच यांना विचारावं, कोणाला कोण आहे ते. कारण ज्याला मुलगा, पुतण्या, कोणी नाही, त्यालाच जागा मिळेल.

मी विचारत गेले. आंधळ्या म्हातारीचा एकच मुलगा होता, तो मातीकामावर पटकीनं गेला होता, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मग मी आबाजींच्या खाटेपाशी आले. त्यांना काय विचारायचं? ते माझ्याकडे बघत राहिले. शेवटी मी साहेबाकडे वळून इंग्रजीत सांगितलं, यांना दोन मुलगे आहेत आणि त्यातल्या एकाची मी मुलगी. मडमनं माझ्या टोपलीकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं.

साहेबानं बाबांना बोलावून घेतलं. बाबा धुतलेला पटका बांधून आले. साहेबापुढे आपली मुलगी बोलणार म्हणून त्यांना आतून अभिमानही वाटत होता; ते मला म्हणाले, "नीट समजावून सांग बरं पोरी. धोंड्याचं नीट सांग."

मी नीट सांगितलं. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षाहून लहान असतं, ते मागं पडत जातं, म्हणून मध्ये एक महिना वाढवतात, हे शब्द मला मडमच्या भूगोलामुळे आले. साहेबाला ते आवडलं. त्यानं बरंच विचारलं. तो महिना कोण ठरवतं, त्यात लग्नं का होत नाहीत, जावयाचं काय असतं. साहेब ऐकतोय असं पाहून बाबांना धीर आला. त्यांनी पंचांचं सांगितलं, बेलभंडाऱ्याचं सांगितलं, पाण्याच्या बारीचंही सांगितलं. मी एकेक वाक्य इंग्रजीत नेत होते. आमच्या बोलीत या भांडणाला बाजू होत्या आणि खरं तर बाबांची बाजू खरीच होती; पंचांनी भादव्याचं नाव घेतलं होतं. पण इंग्रजीत ते वाक्य मी उच्चारलं, की हा महिना आमचा नाही, आणि मला कळलं की यात बाजूच उरली नाही. खाटेवरचा माणूस तेवढा उरला. बाबा मात्र पुढे बोलतच होते, आणि मला थांबता येत नव्हतं.

साहेबानं विचार करून सांगितलं, की नियम मुलगे नसलेल्यांसाठी आहे. पण दोन घरांच्या मध्ये पडलेला हा एक महिना म्हाताऱ्यानं इथे काढावा. जेवण मुलाच्या घरून यावं. अश्विनाच्या पहिल्या दिवशी मुलानं न्यावं.

बाबांनी हात जोडले. वाटेत त्यांनी मला शेव घेऊन दिली. "साहेबानं न्याय केला," ते म्हणाले. "बारी बी राह्यली, अन् बापाची सोय बी झाली." चार दिवसांनी अकोल्याचा निरोप आला, मोठेबाबाही खूष होते. शेवेचा पुडा मी मडमच्या पडवीत नेऊन मुलींना वाटून टाकला.

गोष्ट गावभर झाली. एकेक जण साहेबाच्या कचेरीत जाऊ लागला. कोणाच्या आईचा पंधरवडा दोन भावांत अडकला होता, कोणाची बायको बाळंतपणाला गेली होती, कोणाला कपाशी निंदून होईपर्यंतच पाहिजे होतं. सगळे म्हणत, त्या माळ्याच्या म्हाताऱ्याला जागा दिली तशी आम्हालाही द्या. साहेबाच्या नियमाला भोक पडलं होतं, आणि ते आमच्या घरानं पाडलं होतं. बाजारात मायला गिऱ्हाईक म्हणायचं, "बरी सोय काढली बाई तुमी." माय वजनाला मेथीची एक जुडी जास्त घालायची.

आबाजींचं मात्र तिथे बरं चाललं होतं. नेमलेली माणसं त्यांना वेळेवर उचलायची, कूस बदलायची. पाठीच्या जखमा सुकल्या. आंधळ्या म्हातारीला ते आमच्या भाजीतला घास द्यायचे आणि विचारायचे, "सांग पाहू, कोनत्या वाफ्यातली?" ती म्हणायची, "तुह्या बापाच्या." एकदा मी दारातून आत येत असताना कोणीतरी मोठ्यानं हसलं. ते आबाजी आहेत हे मला आवाजावरून लगेच ओळखता आलं नाही, कारण घरी मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. पितृपक्षात आमच्याकडे पणजोबांचं श्राद्ध झालं. मायनं कावळ्याचं पान वाढायच्या आधी माझ्या टोपलीत खीर भरली आणि म्हणाली, "आधी तू जा." बाबांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

घटस्थापनेच्या दिवशी झेंडूला असा भाव होता की माळी त्या दिवशी मळा सोडत नाही. बाबांनी सोडला. सकाळीच गाडीत गवत अंथरून, त्यावर गोधडी घालून ते धर्मशाळेत आले. दिल्या शब्दाला ते पक्के होते. साहेबही त्या दिवशी मडमसह पाहणीला आलेला होता.

बाबा गोधडी हातात घेऊन खाटेपाशी गेले. "चाल आबा. आपली बारी लागली."

आबाजींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते मला म्हणाले, "बाई, साहेबाले सांग. म्हना, याले कोनी नाई."

मी बाबांकडे वळून पाहिलं.

"सांग ना वं. तुले येते ना त्याइची बोली? म्हना, पोरं व्हते, आता नाई."

बाबा माझ्यासमोर उभे होते. मी इंग्रजीत सांगितलं, ते म्हणतात की त्यांना कोणी नाही. साहेबानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली आणि हातातल्या गोधडीची घडी घातली, मग उलगडली, मग पुन्हा घातली.

साहेब हळू आवाजात बोलला. त्यानं मला सांगायला सांगितलं, की जे मुलांनी करायचं ते सरकारनं करायला घेतलं, तर उद्या प्रत्येक घर आपला म्हातारा इथे आणून सोडेल, आणि ज्यांना खरोखर कोणी नाही त्यांना जागा उरणार नाही. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. ओवरी आताच भरली होती, आणि कशामुळे भरली हे मला ठाऊक होतं. पण ते आबाजींना सांगायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"आबाजी," मी म्हटलं, "साहेब म्हन्ते, पोरं हायेत तं घरी जा."

आबाजींनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "अन् आनखी धोंडा आला मंग?"

मी ते साहेबाला इंग्रजीत विचारलं. तो मडमला काहीतरी म्हणाला आणि पुढच्या खाटेकडे गेला.

नेमलेल्या माणसानं आणि बाबांनी मिळून त्यांना उचललं. त्यांनी विरोध केला नाही, पण स्वतःचं अंगही जरा उचललं नाही. ओलं पोतं उचलावं तसं उचलावं लागलं. आंधळी म्हातारी म्हणाली, "गेला काय रे?" आणि कोणी उत्तर दिलं नाही म्हणून तिला कळलं.

घरी सगळे फार नीट वागू लागले. मायनं बाजार कमी केला. बाबा आबाजींची खाट उन्हात काढायचे, सावलीत घ्यायचे, दिवसातून कितीदा तरी विचारायचे, "आबा, काही पाह्यजे काय?" आबाजी म्हणायचे, "नाई." भाजी कोणत्या वाफ्यातली, हे त्यांनी पुन्हा कधी सांगितलं नाही. रस्त्यानं कोणी जात असलं की बाबांचा आवाज जरा मोठा व्हायचा. मला तो ऐकवत नसे. मी आत जाऊन धडा वाचत बसायची.

फाल्गुन संपत आला. दरवर्षी पाडव्याच्या आधी बाबा गाडीची चाकं वंगण घालून तयार करायचे. त्या वर्षी त्यांनी गाडीला हात लावला नाही. अकोल्याहून कोणी निरोप पाठवला नाही, बाबांनीही पाठवला नाही. बाबांनी हे मायेनं केलं, की लोक काय म्हणतील म्हणून, ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. आमच्याकडे असं विचारत नाहीत, आणि उत्तर काय येईल याची मला भीती होती.

पाडव्याच्या सकाळी मी गुढीला फुलं घेऊन आत आले, तर आबाजी खाटेवर उठून बसलेले. कसे बसले कोण जाणे. पटका बांधलेला, आणि मांडीवर त्यांचं बोचकं. धोतर, तांब्या, तंबाखूची चंची, सगळं त्यात बांधलेलं. ते दाराकडे बघत होते.

आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. तुम्हाला कुठे जायचं नाही, हे वाक्य आमच्या बोलीत अगदी सोपं आहे. ते मला म्हणता आलं असतं, मायला म्हणता आलं असतं, बाबांना तर म्हणायलाच हवं होतं. पण ते म्हटलं की गेल्या वर्षीचं सगळं पुन्हा उघडं झालं असतं, म्हणून कोणी म्हटलं नाही. दुपारी त्यांनी बोचकं मांडीवर ठेवूनच जेवण केलं. संध्याकाळी मायनं दिवा लावला, त्यांच्याजवळ गेली, बोचकं हळूच काढून घेतलं आणि गाठ सोडून तांब्या खाटेखाली ठेवला.

"मामाजी, टेका आता," ती म्हणाली.

ते टेकले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडायला गेले तेव्हा त्यांनी तांब्या पुन्हा बोचक्यात बांधला होता.